चार खात्यांचं टपाल पाखडताना

माझी चार मेल-खाती आहेत आणि चारही लागतात. पहिलं कॉलेजात असताना उघडलेलं. जुन्या ओळखीच्या लोकांकडे अजून तोच पत्ता आहे. दुसरं भाषांतराच्या कामाचं. तिसरं मी ज्या स्वयंसेवी संस्थेसाठी काम करते तिच्या डोमेनवरचं. चौथं बाबांचं, त्यांची नजर अधू झाल्यापासून त्यांचं टपालही मीच बघते. वर्षानुवर्षं माझी पद्धत एकच होती. सकाळी चारही खाती उघडायची, वरून खाली नजर फिरवायची, महत्त्वाचं वाटेल ते वाचायचं, बाकीचं तसंच सोडायचं.

दीड वर्षापूर्वी संस्थेतल्या एका तरुण सहकाऱ्याचा फोन आला. "ताई, तुमचं उत्तर नाही आलं, म्हणून ते काम आम्ही दुसऱ्यांना दिलं. चालेल ना?" कुठलं काम, हेच मला माहीत नव्हतं. अंध मुलांसाठी विज्ञानाच्या एका पुस्तकाचं ध्वनिमुद्रण व्हायचं होतं आणि त्याची मराठी संहिता मी करावी, असं त्याने मला लिहिलं होतं. जुन्या पत्त्यावर. फोन ठेवून शोधलं, तर पत्राला अकरा दिवस झाले होते. स्पॅममध्ये गेलं नव्हतं. इनबॉक्समध्येच होतं, सवलतीच्या दोन जाहिरातींच्या मधे, न उघडलेलं. अकरा दिवस रोज ते माझ्या डोळ्यांखालून गेलं असणार. ते काम मला फार मनापासून करायचं होतं, आणि ते गेल्याची हळहळ अजूनही आहे.

त्या रात्री ठरवलं, की टपालाची वाटणी आता नजरेच्या भरवशावर सोडायची नाही. ती आपोआप व्हायला हवी, आणि चारही खात्यांत सारखी व्हायला हवी. त्यात जवळजवळ तीन महिने गेले. एवढे जायला नको होते. पण पहिल्या दोन वाटा चुकीच्या निघाल्या.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच बरोबर केली. नियम लिहायला बसण्याआधी एक आठवडा नुसतं मोजलं. वहीत चार रकाने पाडले : मला काही करायचं आहे, मला कळायला हवं, सवडीने वाचेन, काहीच नाही. प्रत्येक मेलसाठी त्या-त्या रकान्यात एक रेघ. सात दिवसांत चारही खात्यांत मिळून ५३८ मेल आले. मी काही करण्याची गरज असलेले होते ३४. त्यातले २९ कुणीतरी स्वतः बसून, मला उद्देशून लिहिलेले होते. उरलेले पाच यंत्राने पाठवलेले : भरण्याची मुदत, पासवर्ड बदलण्याचा दुवा, असले. म्हणजे मला जे चुकवून चालणार नव्हतं ते जवळपास सगळं माणसांकडून येत होतं. हे दिसत असूनही पुढचे दोन महिने मी ते बाजूला ठेवून जाहिरातींच्याच मागे लागले.

मोजणीचा दुसरा फायदा असा झाला, की अर्ध्याहून जास्त गर्दी जेमतेम बारा जणांकडून येते हे कळलं. त्यासाठी नियमाची गरजच नव्हती. सदस्यत्व रद्द केलं की झालं. घाऊक मेलच्या शीर्षभागात, म्हणजे मजकुराआधीच्या एरवी न दिसणाऱ्या ओळींत, 'लिस्ट-अनसबस्क्राइब' नावाची ओळ असते. तिची पद्धत १९९८ च्या आरएफसी २३६९ मध्ये ठरली (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज), आणि एका टिचकीत नाव काढण्याची सोय २०१७ च्या आरएफसी ८०५८ ने आली. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना प्रचाराच्या मेलमध्ये ही सोय ठेवणं २०२४ पासून बंधनकारक झालं. म्हणून आता मेलच्या तळाशी बारीक अक्षरांतला दुवा शोधत बसावं लागत नाही. पाठवणाऱ्याच्या नावाशेजारीच बटण दिसतं. बारापैकी नऊ जण दोन दिवसांत गेले. ज्यांना मी कधी पत्ताच दिला नव्हता अशांच्या दुव्यावर मात्र बोट लावलं नाही. तिथे टिचकी मारली की हा पत्ता जिवंत आहे एवढंच त्यांना कळतं. ते सरळ स्पॅम म्हणून नोंदवले.

आता चुकीची पहिली वाट. मला वाटलं, तिन्ही खात्यांचं टपाल चौथ्याकडे वळवावं आणि नियम एकाच ठिकाणी लिहावेत. कागदावर हे फार सुटसुटीत दिसतं. आठवड्याभरात तक्रारी यायला लागल्या : संस्थेच्या पत्त्यावर पाठवलेले काही मेल परत जात होते, काही स्पॅममध्ये पडत होते. कारण समजून घ्यायला एक अख्खी दुपार गेली. प्रत्येक डोमेन एसपीएफ नावाच्या नोंदीत जाहीर करतं, की माझ्या नावाने मेल कोणकोणत्या सर्व्हरवरून येऊ शकतो. मेल मधल्या सर्व्हरने पुढे ढकलला, की घेणाऱ्याला तो त्या मधल्या सर्व्हरवरून आलेला दिसतो. तो मूळ पाठवणाऱ्याच्या यादीत नसतो, आणि तपासणी फसते. पाठवणाऱ्याची डिजिटल सही, म्हणजे डीकेआयएम, वाटेत मजकुराला हात लागला नसेल तर टिकते आणि मेल बचावतो. पण संस्थेच्या सर्व्हरवर प्रत्येक मेलखाली एक सूचना जोडली जायची. मजकूर बदलला, सही मोडली, आणि ज्या डोमेनने 'तपासणी फसली तर मेल नाकारा' असं धोरण लावलं होतं त्यांचे मेल परत गेले. शिवाय संस्थेच्या खात्यात येणारा स्पॅमही आम्हीच पुढे पाठवत होतो, म्हणजे सर्व्हरची पत आम्हीच घालवत होतो. आणि उत्तरं चुकीच्या पत्त्यावरून जायची, ती गोष्ट वेगळीच. एका प्रकाशकाला मी बाबांच्या नावाने उत्तर पाठवलं, तेव्हा मात्र हा मार्ग तिथल्या तिथे सोडला.

दुसरी वाट थंडरबर्डची. मेल वाचायचा हा माझा आवडता प्रोग्रॅम आहे, अजूनही रोज वापरते. चारही खाती एका खिडकीत दिसतात, सगळ्यांचे इनबॉक्स एकत्र करून पाहता येतात, नियमही लिहिता येतात. एका शनिवारी बसून चाळीसेक नियम लिहिले. सोमवारी बाहेर असताना फोन उघडला, तर इनबॉक्स जसाच्या तसा तुडुंब. थंडरबर्डचे नियम थंडरबर्ड चालू असतानाच चालतात. घरचा संगणक बंद, तर वाटणीही बंद. आउटलुकमध्येही काही नियम 'फक्त या संगणकावर' असतात, त्यांचं हेच. फोन, संगणक आणि दुसरीकडून उघडलेलं ब्राउझर या तिन्हींवर टपाल वाटलेलं दिसायचं असेल, तर नियम सर्व्हरवर हवा, मेल इनबॉक्समध्ये पडण्याआधीच चालणारा.

मेल असा तिन्हींवर सारखा दिसतो याचं श्रेय आयमॅपला. हा प्रोटोकॉल, म्हणजे मेल हाताळण्याची ठरलेली पद्धत, मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्डला असताना रचला. मेल सर्व्हरवरच राहतो आणि आपली सगळी उपकरणं त्याच एका पेटीत डोकावतात, ही कल्पना त्यातली. पॉप नावाचा जुना प्रोटोकॉल मेल आपल्या संगणकावर उतरवून घेतो आणि बहुतेकदा सर्व्हरवरून पुसतो. बाबांचं खातं त्यांच्या जुन्या संगणकावर अजून पॉपनेच जोडलेलं होतं, हे मला याच काळात कळलं. त्यांचे काही मेल फोनवर कधीच का दिसत नाहीत, याचं कोडं तिथे सुटलं. तो संगणक चालू असला की मेल तिकडे उतरत होते. जोडणी आयमॅपवर आणली आणि अडकलेले मेल हळूहळू परत वर चढवले.

मग सर्व्हरवरच्या नियमांकडे वळले. जुनं आणि बाबांचं खातं जीमेलवर, कामाचं आउटलुकवर, संस्थेचं डोव्हकॉट नावाच्या मेल-सर्व्हरवर. तीन तऱ्हेचे सर्व्हर, तीन तऱ्हेचे नियम. पहिली अडचण नावांची. एका खात्यात 'बिले', दुसऱ्यात 'पैसे', तिसऱ्यात 'हिशेब' असं झालं होतं. चारही खात्यांत तीच पाच नावं ठेवली : माणसं, पैसा, संस्था, वाचन, फोलपट. सहावं घ्यायचं नाही असं ठरवलं आणि आजवर पाळलं आहे. यापूर्वी माझ्याकडे सव्वीस फोल्डर होते आणि कुठला मेल कुठे ठेवला हे मलाच आठवायचं नाही.

संस्थेच्या खात्यावर सीव्हशी गाठ पडली. सीव्ह म्हणजे चाळणी. मेल गाळण्यासाठीच केलेली ही छोटी भाषा. तिचं पहिलं प्रमाण २००१ चं, आताचं आरएफसी ५२२८, २००८ चं. तिची गंमत अशी, की ती मुद्दाम कमकुवत ठेवली आहे. मूळ भाषेत चक्रं नाहीत, बाहेरचा कुठलाही प्रोग्रॅम तिला चालवता येत नाही. त्यामुळे वापरणाऱ्याने काहीही लिहिलं तरी सर्व्हर अडकत नाही. आणि ज्या गोष्टीमुळे माझा तिच्यावर जीव जडला ती ही : कुठलाच नियम लागू झाला नाही, तर मेल इनबॉक्समध्ये राहतो. नियम चालताना मधेच चूक झाली, तरीही राहतो. प्रमाणातच तसं लिहिलं आहे. ज्यांनी ही भाषा केली त्यांना पत्र हरवणं म्हणजे काय ते पक्कं माहीत असणार.

सगळं जागच्या जागी बसत होतं. मग माझ्याच एका नियमाने मला पुन्हा त्याच ठिकाणी आणून उभं केलं.

जाहिराती ओळखायची एक सोपी युक्ती सांगितली जाते : मजकुरात 'अनसबस्क्राइब' शब्द असेल तो मेल बाजूला काढा. मी तसा नियम चारही खात्यांत लावला. परिणाम थक्क करणारा होता, एका दिवसात इनबॉक्स रिकामा. सोबत दुसरा नियम : पत्त्यात 'नोरिप्लाय' असेल तर फोलपटात. तीन दिवसांनी बाबांच्या एका अर्जासाठी ओटीपी हवा होता. तो येईना. पुन्हा मागवला, पुन्हा येईना. तोपर्यंत मुदत संपून ते पान बंद झालं. मागवलेले सगळे ओटीपी फोलपटात एकाखाली एक पडले होते.

ते निभावलं. खरा धक्का आठ दिवसांनी बसला. ज्या सहकाऱ्याच्या पत्रापासून हे सगळं सुरू झालं, त्यानेच नव्या एका पुस्तकाबद्दल लिहिलं होतं. पत्र त्याने स्वतः लिहिलेलं, मला 'ताई' म्हणून. पण सोबत वाचायला म्हणून एका वार्तापत्रातला लेख खाली जोडला होता, आणि त्या लेखाच्या तळाशी होतं 'अनसबस्क्राइब'. नियमाने आपलं काम चोख केलं. पत्र वाचलेलं म्हणून नोंदलं गेलं आणि फोलपटात जाऊन पडलं. मला ते सापडलं ते केवळ त्या दिवशी मी फोलपट सहज उघडलं म्हणून. या वेळी वेळेत सापडलं, पुस्तक माझ्याकडे आलं. पण हात थरथरत होते.

त्या दिवशी वही पुन्हा उघडली. ३४ पैकी २९ माणसं. मी आतापर्यंत फोलपट उडवण्याच्या मागे होते. करायला हवं होतं ते उलटं : आधी दाणे वेचून बाजूला ठेवायचे, मग पाखडायचं. सगळे नियम पुसले आणि नव्याने लिहायला घेतले.

पहिला नियम माणसांचा. ज्यांना मी कधी ना कधी स्वतः लिहिलं आहे अशांचे पत्ते पाठवलेल्या मेलमधून गोळा केले. दोनशेच्या आसपास भरले. यांचा मेल इनबॉक्समध्येच राहील, 'माणसं' ही खूण लागेल आणि पुढचा एकही नियम त्याला हात लावणार नाही. संस्था आणि काम यांच्या पूर्ण डोमेनांनाही हाच नियम.

'पुढचा एकही नियम नाही' हे सांगायची रीत मात्र प्रत्येक ठिकाणी निराळी. सीव्हमध्ये 'स्टॉप' हा एकच शब्द. आउटलुकमध्ये नियम वरून खाली चालतात आणि 'यापुढचे नियम थांबवा' अशी खूण असते. जीमेलमध्ये क्रमच नाही. जेवढे नियम जुळतात तेवढे सगळे लागू होतात. एक म्हणाला 'खूण लाव', दुसरा म्हणाला 'इनबॉक्समधून काढ', तर खूणही लागते आणि मेल इनबॉक्समधून जातोही. म्हणून तिथे अपवाद बाजूला काढणाऱ्या नियमातच लिहावा लागतो : 'हे शब्द असलेले' या रकान्यात वजाचं चिन्ह, पुढे 'फ्रॉम' आणि कंसात पत्ते. असे अपवाद दहा नियमांत लिहिणं आणि सांभाळणं अशक्य, म्हणून जीमेलच्या प्रत्येक खात्यात इनबॉक्समधून काढणारे नियम दोनच ठेवले. दोन्ही खाती जीमेलवर असल्याने एकाचे नियम फाईल म्हणून उतरवून दुसऱ्यात चढवता आले, ती मोठी सोय झाली.

दुसरं, शब्दांऐवजी शीर्षभाग. हे मला फार उशिरा कळलं आणि कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं वाटतं. कुठल्याही मेलचं मूळ रूप उघडून पाहा. पाठवणाऱ्याचं नाव, विषय यांच्या मागे तीस-चाळीस ओळी दडलेल्या असतात. मेल वार्तापत्राचा असेल तर त्यात बहुधा 'लिस्ट-आयडी' अशी एक ओळ सापडेल, टोकदार कंसात एक नाव. ही २००१ च्या आरएफसी २९१९ ची देणगी. वार्तापत्रवाले पाठवायचा पत्ता बदलतात. आज 'न्यूज', उद्या 'ऑफर्स', परवा कुणा माणसाचं नाव. लिस्ट-आयडी बहुधा तीच राहते. आणि माणसाने हाताने लिहिलेल्या साध्या पत्राला ती नसते. माझ्या सहकाऱ्याने वार्तापत्र पुढे पाठवलं तेव्हा लेखाच्या पोटात 'अनसबस्क्राइब' आलं. पण वार्तापत्राचा शीर्षभाग मागेच राहिला, नवं पत्र त्याचं स्वतःचं होतं. शीर्षभागावर नियम असता तर ते पत्र कधीच हललं नसतं. जीमेलच्या नियमात 'लिस्ट' हा शब्द लिहून, सीव्ह आणि आउटलुकमध्ये शीर्षभागातले शब्द तपासून, हे तिन्हीकडे जमतं.

तिसरं, कुठलाही नियम काहीही पुसत नाही आणि न वाचलेल्याला वाचलेलं म्हणत नाही. फक्त जागा बदलतो. जीमेलमध्ये कचऱ्यात गेलेलं ३० दिवसांनी कायमचं जातं, आणि माझं पहिलं पत्र अकरा दिवसांनी सापडलं होतं. ३० दिवस मला पुरेसे वाटत नाहीत.

देवनागरी विषयांचा घोळ इथे लिहायलाच हवा, कारण तो आपल्याच वाट्याला येतो. कामाच्या खात्यात 'ॲडव्हान्स' हा शब्द विषयात असेल तर 'पैसा' ही खूण लागावी असा नियम होता. काही मेलना लागायची, काहींना नाही. डोळ्यांना शब्द तोच. शेवटी एकेक अक्षर फोडून पाहिलं. काही जण 'ॲ' हे सलग अक्षर टाइप करतात. ते युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या प्रमाण यादीत, २००८ साली आलं. काही जण 'अ' वर चंद्र देतात. आणि काही कळफलक त्या दोहोंच्या मधे न दिसणारं एक जोडचिन्हही टाकतात. एकाच शब्दाच्या तीन लिखावटी, आणि संगणकाला ते तीन वेगळे शब्द. नियमात तिन्ही लिहिल्या. अनुस्वाराचंही तसंच : कुणी 'मानधना संबंधी' लिहितं, कुणी 'मानधनासंबंधी', कुणी 'संबधी'. म्हणून देवनागरीत पूर्ण वाक्प्रचारावर नियम बांधू नये, छोटा आणि चुकायला कठीण असा तुकडा घ्यावा. मात्र जीमेल शब्द पूर्ण जुळवून पाहतं, शब्दाचा तुकडा तिथे चालत नाही. तो चालतो सीव्हमध्ये. हे माहीत नसल्याने जीमेलवर माझे तीन नियम महिनाभर काहीच करत नव्हते.

जुन्या खात्याचे नियम पुसताना एक गोष्ट सापडली. फार पूर्वी, नोकरीत असताना, ठरावीक शब्द असलेले मेल तिथल्या पत्त्यावर वळवण्याचा नियम मीच केला होता. नोकरी सोडून कितीतरी वर्षं झाली. तो पत्ता आज कोण वाचतं, कुणी वाचतं का, मला सांगता येणार नाही. आणि नियम रोज इमानाने चालू होता. खात्यात शिरकाव केलेले लोकही हेच करतात : गुपचूप वळवण्याचा एक नियम लिहून जातात, मग पासवर्ड बदलला तरी टपाल तिकडे जात राहतं. यासाठी तरी प्रत्येकाने नियमांची यादी आणि टपाल वळवण्याचं पान एकदा उघडून पाहावं, हे मी भेटेल त्याला सांगते.

पत्त्यात अधिकचं चिन्ह घालण्याची युक्तीही वापरते : नावापुढे अधिक, मग एखादा शब्द, मग नेहमीचं डोमेन. मेल त्याच खात्यात येतो आणि पत्ता कुणाला दिला होता ते कळतं. काही फॉर्म हे चिन्ह स्वीकारत नाहीत. चालतं तिथे चालतं.

बाबांच्या खात्याने मला सर्वांत जास्त शिकवलं. ते फोनवर टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, लावून मेल ऐकतात. एकेक ओळ, क्रमाने : कुणाचा, विषय काय, पहिले चार शब्द. तीन ओळी ऐकायला मला वाटलं त्याहून खूप जास्त वेळ लागतो. डोळ्यांनी पान चाळता येतं, कानांनी नाही. साठ जाहिरातींत एक पत्र असेल, तर डोळसाला ते सुटण्याची शक्यता. ऐकणाऱ्याला तिथवर पोहोचणंच शक्य नाही. बाबा मेल ऐकणं का सोडून देत चालले होते हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी समजत होते की त्यांना आता रस राहिला नाही.

म्हणून त्यांच्या खात्यात नियम उलटा आहे. माझ्या खात्यांत नियमात न बसलेलं इनबॉक्समध्ये राहतं. त्यांच्याकडे 'माणसं' आणि 'पैसा' एवढंच इनबॉक्समध्ये, बाकी सगळं फोलपटात. हे कडक आहे आणि त्यात धोका आहे, हे त्यांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "चालेल. पण फोलपट तू बघत जा, आणि कुणाला त्यात टाकलंस ते मला सांगत जा." माणसांची यादीही त्यांनीच सांगितली. एकेक नाव आठवून, सोबत ती व्यक्ती कोण, कुठे भेटली. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. बत्तीस नावं झाली. काही पत्ते बंद पडले होते, काही माणसं आता नाहीत. ती नावंही त्यांनी काढू दिली नाहीत.

आता दर शनिवारी सकाळी चारही फोलपटं उघडते. माझ्या तिन्ही खात्यांना मिळून दहा मिनिटं पुरतात. बाबांच्याला वेळ देते, आणि ते शेजारी बसलेले असतात. मागच्या शनिवारी अनोळखी पत्त्यावरचा एक मेल तिथे होता, विषयाची जागा रिकामी. उघडला. बाबांच्या बरोबर शिकलेल्या एका गृहस्थांचा निघाला. त्यांचं जुनं खातं बंद पडलं होतं, मुलीने नवं काढून दिलं होतं, आणि नव्या खात्यावरून पहिलं पत्र त्यांनी बाबांना लिहिलं होतं. मी वाचायला सुरुवात केली तर बाबांनी हात वर केला. "थांब. इनबॉक्समध्ये टाक. मी ऐकतो."

मेल वर घेतला, नवा पत्ता यादीत घातला. तेहेतीस. बाबा फोन कानाशी धरून गॅलरीत गेले.